इंग्लिश गाण्यातली ओळ डोक्यावरून गेली की काय करायचं

कॉलेजात असताना मी एका मैत्रिणीला एका गाण्याची ओळ पाठवली होती, त्यात "आय'म ओव्हर यू" असं होतं, आणि माझ्या डोक्यात ओव्हर म्हणजे वर, म्हणजे मी तुझ्यावर छत्री धरल्यासारखा उभा आहे, तुझी काळजी घेतोय, असलं काहीतरी गोड गोड. तिचं उत्तर आलं, "बरं झालं." दोन दिवसांनी कळलं की त्या ओळीचा अर्थ "मी तुझ्यातून बाहेर पडलोय, आता मला तुझं काही वाटत नाही" असा होतो.

यात एकही शब्द अवघड नाहीये, तिन्ही पहिलीच्या पुस्तकातले. आणि इंग्लिश गाण्यांची गंमत तिथेच आहे, अवघड शब्द आपल्याला फार छळत नाहीत, ते डिक्शनरीत बघता येतात, आपल्याला गंडवतात ते सोपे शब्द, चुकीचे ऐकलेले शब्द आणि मध्येच गायब झालेले शब्द. तरी आपण काय करतो, ओळ कळली नाही की थेट "यात काहीतरी खोल अर्थ असणार" म्हणून कवितेचा अर्थ लावायला बसतो. माझ्या मते दहातल्या आठ वेळा तिथे खोल वगैरे काही नसतं. आधी आजार कुठला ते बघायचं आणि मग औषध शोधायचं: ऐकण्यात गडबड आहे, व्याकरणात आहे, वाक्प्रचार आहे, बाहेरचा कुठला संदर्भ आहे, का खरंच कवीने कोडं घातलंय. याच क्रमाने जायचं, कोडं सगळ्यात शेवटी. खाली तेच सविस्तर लिहितोय.

पायरी १: ओळ नक्की काय आहे ते आधी पक्कं करा

तुम्ही ज्या ओळीचा अर्थ लावताय ती ओळ मुळात तशी आहे का? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि बऱ्याचदा तिथेच विषय संपतो. चुकीचं ऐकलेल्या ओळीला इंग्लिशमध्ये मॉन्डेग्रीन असं नाव आहे. सिल्व्हिया राइट नावाच्या लेखिकेने १९५४ मध्ये एका मासिकात लिहिलं की लहानपणी तिला एक जुना स्कॉटिश पोवाडा वाचून दाखवायचे, त्यात मारल्या गेलेल्या सरदाराबद्दल "अँड लेड हिम ऑन द ग्रीन" म्हणजे त्याला हिरवळीवर निजवलं असं होतं आणि ती ते "अँड लेडी मॉन्डेग्रीन" असं ऐकायची, म्हणजे सरदाराबरोबर एक बिचारी लेडीसाहेब पण मेली असं तिने कितीतरी वर्षं धरलेलं. आणि ती इंग्लिश मातृभाषा असलेली बाई होती, तेव्हा आपण लाजायचं कारण नाही.

जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ च्या "पर्पल हेझ" मध्ये "किस द स्काय" आहे, ते लाखो लोकांनी "किस धिस गाय" ऐकलंय. असं का होतं ते बघण्यासारखं आहे. इंग्लिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला येणारा क थोडा हवा सोडून म्हणतात, आपल्या ख कडे झुकणारा, पण आधी स आला की ती हवा जाते आणि उरतो आपला साधा क, जो इंग्लिश कानाला ग सारखा वाटतो. त्यामुळे "स्काय" आणि "स् गाय" यात त्यांना फरकच कळत नाही. आपला मराठी कान उलट क आणि ग अगदी चोख वेगळे करतो, त्यामुळे इथे आपण त्यांच्यापेक्षा पुढे असायची शक्यता आहे.

पण दुसरीकडे आपण मार खातो. व्ही आणि डब्ल्यू हे आपल्याला एकच, दोन्हीला व. थ आपण दातावर आपटून म्हणतो, त्यांचा थ जीभ दातांमध्ये ठेवून फुंकर मारल्यासारखा निघतो, आणि गाण्यात तो ड किंवा फ सारखा पण ऐकू येतो. म्हणून एक सवय लावून घ्या, ऐकलेली ओळ देवनागरीत लिहून ठेवू नका. मी सुरुवातीला वहीत देवनागरीत लिहायचो आणि एकदा "वेस्ट" असं लिहिलेलं, नंतर कळेना की ते पश्चिम आहे, वाया घालवणं आहे, कंबर आहे, का बंडी. चारही इंग्लिश शब्द आपल्याकडे "वेस्ट" असेच लिहिले जातात. रोमन लिपीत, चुकीच्या स्पेलिंगने का होईना, लिहा.

मग जोडून म्हटलेले शब्द. बोलताना जे चिकटतं ते गाण्यात अजूनच चिकटतं: "टेल हर" चं टेलर होतं (शिंपी नाही), "गॉट यू" चं गॉचा, "वॉन्ट यू" चं वॉन्चू, "कुड हॅव" चं कुडा, "आउट ऑफ" चं आउटा, "डोन्ट नो" चं डनो, "देम" चं नुसतं एम, आणि "अँड" चा नुसता न. अमेरिकन लोक दोन स्वरांमधला ट हलका ड सारखा म्हणतात, म्हणून वॉटर नाही वॉडर. एवढी यादी माहीत असली तरी निम्मी न कळणारी गाणी कळायला लागतात, खरंच.

ऐकायची पद्धत माझी अशी. आधी लिरिक्स न बघता दोनदा ऐकायचं आणि जे ऐकू येईल ते लिहायचं. मग प्लेअरमध्ये स्पीड ०.७५ करून तीच ओळ ऐकायची, आवाज फार जाड होत नाही आणि शब्दांमधल्या फटी दिसायला लागतात, ०.५ वर मात्र सगळं भुताटकीसारखं येतं, उपयोग नाही. तरी नाही कळलं तर त्याच गाण्याचं गिटारवर म्हटलेलं साधं व्हर्जन किंवा दुसऱ्या कुणी गायलेलं कव्हर शोधायचं, कव्हर गाणारे पुष्कळदा शब्द जास्त स्पष्ट म्हणतात. आणि मगच लिरिक्स उघडायचे, ते पण दोन ठिकाणचे, कारण लिरिक्सच्या साइट्स एकमेकांची कॉपी करतात, एकाने चूक केली की ती दहा ठिकाणी पसरते. गायकाच्या स्वतःच्या चॅनेलवरचा लिरिक व्हिडिओ किंवा अल्बमबरोबर आलेली पुस्तिका मिळाली तर ती जास्त विश्वासाची. आपोआप येणारे कॅप्शन्स गाण्यासाठी अजिबात वापरू नका, मागे ड्रम वाजत असताना ते काहीही छापतात.

आणि कधीकधी कुणालाच कळत नाही हे पण लक्षात असू द्या. द किंग्समेन या बँडने १९६३ मध्ये "लुई लुई" हे गाणं इतकं अस्पष्ट गायलं की त्यात अश्लील काहीतरी आहे अशा तक्रारी गेल्या, एफबीआयने तपास केला, रेकॉर्ड वेगवेगळ्या स्पीडवर लावून ऐकली, आणि निष्कर्ष काय तर शब्द कळत नाहीत.

पायरी २: ओळ विसरा, वाक्य शोधा

गाणं ओळींमध्ये लिहिलेलं असतं पण अर्थ वाक्यात असतो, आणि वाक्य ओळीच्या शेवटी संपेलच असं नाही. गायक श्वास घ्यायला थांबला म्हणजे पूर्णविराम आला असं नव्हे. म्हणून कडवं घ्या आणि ते गद्य असल्यासारखं एका लांब ओळीत लिहून काढा, मग त्यात स्वतः पूर्णविराम, स्वल्पविराम घाला. एवढ्याने कितीतरी "गूढ" ओळी साध्या होतात.

मग गाळलेले शब्द भरा. इंग्लिश गाण्यात वाक्याचं डोकंच कापलेलं असतं, "बीन थिंकिंग" म्हणजे "आय हॅव बीन थिंकिंग", "गॉटा गो" म्हणजे "आय हॅव गॉट टू गो", "डोन्ट मॅटर" म्हणजे "इट डझन्ट मॅटर". आपण पण "येतोय उद्या" म्हणतो, त्यात "मी" हा शब्द घालत नाही, पण आपल्या क्रियापदावरून तरी कळतं की कोण येतोय, त्यांच्या "बीन" वरून काहीच कळत नाही. म्हणून कर्ता कोण ते आजूबाजूच्या ओळींवरून ठरवून पेन्सिलीने लिहायचं. हे कंटाळवाणं काम आहे पण हे टाळून पुढे जाऊ नका.

पायरी ३: शाळेत "चूक" म्हणून शिकवलेलं व्याकरण

इथे जरा थांबू, कारण शाळेत इंग्लिश नीट शिकलेली माणसंच इथे जास्त अडकतात.

सगळ्यात आधी "एन्ट". हा एकच शब्द ॲम नॉट, इज नॉट, आर नॉट, हॅज नॉट, हॅव नॉट या सगळ्यांच्या जागी बसतो. त्यातला कुठला ते पुढच्या शब्दावरून कळतं. पुढे विशेषण किंवा आयएनजीवालं क्रियापद असेल ("एन्ट हॅपी", "एन्ट कमिंग") तर इज-आर वाला नकार, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप असेल ("एन्ट सीन", "एन्ट डन") तर बहुतेक हॅव-हॅज वाला.

दोन नकार. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या प्रसिद्ध गाण्याच्या नावातच "कान्ट गेट नो सॅटिस्फॅक्शन" आहे. आपल्या डोक्यात गणित सुरू होतं, वजा गुणिले वजा अधिक, म्हणजे याला समाधान मिळतंय की काय! नाही. अशा बोलीत दुसरा नकार पहिल्याला जोर देतो, अजिबात मिळत नाही असा अर्थ. एका ओळीत तीन नकार आले तरी अर्थ नकारच. हे अडाणीपणाचं लक्षण वगैरे पण नाही, इंग्लंड-अमेरिकेतल्या कित्येक बोलींमध्ये हा नियमच आहे, आणि गाणी बोलीतून येतात.

"शी डोन्ट", "ही डोन्ट" पण तसंच, डझन्टच्या जागी डोन्ट, एक अक्षर कमी लागतं, चालीत बसतं. आफ्रिकन-अमेरिकन बोलीत अजून एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडते: "ही वर्किंग" म्हणजे तो आत्ता काम करतोय, आणि "ही बी वर्किंग" म्हणजे तो नेहमी काम करत असतो. म्हणजे "करतोय" आणि "करत असतो" हा फरक जो आपल्या मराठीत आहे तोच तिथे "बी" ने दाखवतात. रॅप ऐकणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवावं, त्याला चूक समजून दुरुस्त करत बसलात तर अर्थ हातचा जाईल.

आणि ते अर्धवट चिकटलेले एस आणि डी. "शीज" मध्ये इज आहे का हॅज? "शीज माइन" मध्ये इज, "शीज बीन" मध्ये हॅज, आणि "शीज गॉन" मध्ये दोन्ही चालतात आणि अर्थही जवळपास तोच राहतो, सोडून द्या. "आय'ड" मात्र सोडू नका. पुढे साधं क्रियापद असेल तर ते वुड ("आय'ड गो", मी जमलं तर जाईन किंवा मी जायचो, संदर्भाने ठरवा), पुढे तिसरं रूप असेल तर हॅड ("आय'ड गॉन", मी गेलो होतो), आणि पुढे हॅव येऊन मग तिसरं रूप असेल तर "असतं" वालं वाक्य, जे झालं नाही त्याबद्दलचं. गायक तो ड पुष्कळदा गिळून टाकतो. आता विचार करा, प्रेमभंगाच्या गाण्यात "मी थांबलो" आणि "मी थांबलो असतो" यात केवढा फरक आहे, आणि तो सगळा त्या एका गिळलेल्या ड मध्ये.

पायरी ४: शब्दशः अर्थ येड्यासारखा वाटतोय का? मग तो एक शब्द नाहीये

समजा कुणी मराठी शिकतोय आणि त्याने ऐकलं, "तिचा डोळा लागला". तो बिचारा डॉक्टरला फोन करेल. "तो बोलून गेला" ऐकलं तर विचारेल कुठे गेला. आपली तीच अवस्था फ्रेजल व्हर्बसमोर, म्हणजे क्रियापद आणि अप-डाउनसारखा छोटा शब्द मिळून झालेल्या तुकड्यासमोर, होते, आणि मला स्वतःला ती कळली ती याच तुलनेने. आपल्याकडे "देऊन टाक", "खाऊन टाक", "करून बसला", "बोलून गेला" यात टाकणं, बसणं, जाणं काही घडत नाही, ती क्रियापदं फक्त रंग देतात. इंग्लिशमध्ये हेच काम अप, आउट, ओव्हर, डाउन, अवे करतात. "गिव्ह अवे" म्हणजे देऊन टाकणं, "बर्न डाउन" म्हणजे जळून खाक होणं, "यूज अप" म्हणजे वापरून संपवणं. तेव्हा "अप" दिसलं की आकाशाकडे बघायचं नाही.

काही मात्र रंगापुरती न राहता पूर्ण वेगळी होतात आणि गाण्यांमध्ये नेमकी तीच भरलेली असतात. "लेट डाउन" म्हणजे अपेक्षाभंग करणं, "फॉल फॉर" म्हणजे कुणाच्या प्रेमात पडणं किंवा कुणाच्या थापेला भुलणं, "गेट ओव्हर" म्हणजे एखाद्या दुःखातून सावरणं (माझा जुना घोटाळा), "मेक अप" म्हणजे भांडण मिटवणं आणि शिवाय मनाने रचून सांगणं, "मेक आउट" म्हणजे कळणं आणि शिवाय चुंबनं घेणं. शेवटच्या दोन्हीतला कुठला अर्थ आहे ते नीट बघूनच ओळ कुणाला पाठवा.

शोधायचं कसं? एकेक शब्द शोधू नका, तीन-चार शब्दांचा तुकडा अवतरण चिन्हात टाकून पुढे "मीनिंग" किंवा "इडियम" लिहा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लॉन्गमन यांच्या लर्नर्स डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट आहेत, त्यात मुख्य शब्दाच्या पानावर खाली सगळे इडियम्स दिलेले असतात, लोक वरचा पहिला अर्थ वाचून बंद करतात. खाली स्क्रोल करा. तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कळत नसेल तर एक शब्द कमी-जास्त करून परत शोधा, मध्ये नाव किंवा सर्वनाम घुसलेलं असेल ("लेट मी डाउन") तर ते काढून शोधा.

पायरी ५: गाणं कधीचं आणि कुठलं

स्लँगला तारीख असते. १९३०-४० च्या गाण्यात "गे" म्हणजे आनंदी, आणि त्या काळात "मेक लव्ह" म्हणजे प्रेमाच्या गोष्टी करणं, मागे लागणं, एवढंच, आजचा अर्थ तिथे लावलात तर आजी-आजोबांची गाणी भलतीच वाटतील. "बॅड" आणि "सिक" हे कौतुकाचे शब्द असू शकतात. "ग्रँड" म्हणजे एक हजार, "बेंजामिन्स" म्हणजे शंभर डॉलरच्या नोटा कारण त्यावर बेंजामिन फ्रँकलिनचं चित्र असतं, "फाइव्ह-ओ" म्हणजे पोलीस कारण त्या नावाची पोलिसांची टीव्ही मालिका १९६८ मध्ये सुरू झाली होती. "बेबी" म्हणजे बाळ नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहितो.

यासाठी अर्बन डिक्शनरी नावाची साइट आहे, १९९९ पासून चालू आहे, पण तिथे कुणीही काहीही लिहितं आणि निम्मं चावट विनोदाने भरलेलं असतं. एका अर्थावर विश्वास ठेवू नका, पाच-सहा जणांनी स्वतंत्रपणे तेच लिहिलं असेल तरच घ्या. जीनियस या साइटवर ओळीवर क्लिक केलं की खाली स्पष्टीकरण येतं, उपयोगी आहे, पण ते बहुतेक ऐकणाऱ्यांनीच लिहिलेलं असतं, काही थोडी स्पष्टीकरणं कलाकाराने स्वतः दिलेली असतात आणि त्यावर तशी खूण असते. ती खूण बघायची.

एआयला विचारता का? विचारा, पण "या ओळीचा खोल अर्थ काय" असं विचारलं की तो पण आपल्यासारखाच वाहवत जातो आणि छान गोष्ट रचून देतो. त्यापेक्षा "या वाक्यातलं मुख्य क्रियापद कुठलं", "इथे कुठला शब्द गाळलाय" असं विचारा, मग बरं उत्तर येतं आणि ते तुम्हाला तपासताही येतं.

पायरी ६: बाहेरचे संदर्भ

व्याकरण लागलं, इडियम नाही, तरी ओळ अधांतरी? मग ती कशाकडे तरी बोट दाखवतेय. सगळ्यात पहिला संशय बायबलवर घ्या. १६११ साली छापलेल्या इंग्लिश भाषांतरातले शब्द त्यांच्या बोलण्यात इतके मुरलेत की गायक धार्मिक असो-नसो, तोंडात येतातच. चांदीची तीस नाणी म्हणजे फितुरी, जॉर्डन नदी ओलांडणं म्हणजे मरण किंवा मुक्ती, सावलीची दरी म्हणजे मृत्यूची छाया. संशयित तुकड्यापुढे "बायबल" लिहून शोधलं की लगेच कळतं. रंग पण तपासा: निळा म्हणजे उदास, हिरवा म्हणजे मत्सर किंवा नवखेपणा किंवा पैसा, पिवळा म्हणजे भित्रा. आणि पाऊस! आपल्या गाण्यात पाऊस आला की कुणीतरी कुणाला तरी भेटतं, त्यांच्याकडे पाऊस आला की बहुतेक वेळा कुणीतरी सोडून गेलेलं असतं.

दुसरा संशय खऱ्या घटनेवर. डॉन मॅक्लीनच्या १९७१ च्या "अमेरिकन पाय" मध्ये संगीत मेलं तो दिवस असा उल्लेख आहे, तो ३ फेब्रुवारी १९५९, त्या दिवशी आयोवा राज्यात विमान पडून बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन हे तीन गायक गेले. हे कुठल्याही डिक्शनरीत मिळणार नाही. तिसरा संशय वस्तूंवर: निर्वाणा या बँडच्या १९९१ च्या गाण्याच्या नावातलं "टीन स्पिरिट" म्हणजे तरुणाईचा जोश वगैरे असं लोक धरून चालले होते, ते मुळात एका डिओडरंटचं नाव, एका मैत्रिणीने बँडचा गायक कर्ट कोबेन याच्या भिंतीवर चेष्टेने लिहिलेलं की याला टीन स्पिरिटचा वास येतो, आणि त्याला स्वतःलाच तेव्हा ते डिओडरंट आहे हे माहीत नव्हतं. म्हणजे जोशवाला अर्थ त्यानेही खरा मानूनच गाणं लिहिलं, तेव्हा दोन्ही अर्थ बरोबर धरायला हरकत नाही.

आता एक कडवं सोडवून बघू

खऱ्या गाण्याचं कडवं छापण्यापेक्षा मीच चार ओळी जुळवल्यात, कवी म्हणून माझं काही खरं नाही पण कामापुरत्या ठीक आहेत:

बीन बर्निंग ब्रिजेस सिन्स आय लेफ्ट युअर टाउन
रायडिन शॉटगन विथ द विंडोज डाउन
आय'ड हॅव स्टेड बट यू एन्ट सेड अ वर्ड
नाऊ आय'म फ्री, फॉर व्हॉट इट्स वर्थ

शब्दशः केलं तर: तुझं गाव सोडल्यापासून पूल जाळतोय, बंदुकीवर स्वार होऊन, खिडक्या खाली, थांबलो असतो पण तू शब्द नाही, आता फुकट आहे, किंमत असेल तेवढ्याला. म्हणजे एक पूल जाळणारा बंदूकवाला माणूस आता फुकटात मिळतोय. बरं.

आता क्रमाने. पहिल्या ओळीत डोकं नाही, "आय हॅव" भरा. "बर्न ब्रिजेस" इडियम, परत यायचा रस्ताच उरणार नाही अशा रीतीने संबंध तोडणं. दुसऱ्या ओळीत पूर्ण क्रियापदच नाही, म्हणजे ती पहिल्या वाक्याचीच शेपूट आहे, कर्ता तोच. "राइड शॉटगन" म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसणं, जुन्या घोडागाड्यांवर गाडीवानाशेजारी बंदूक घेऊन रखवालदार बसायचा त्यावरून आलेलं. "विंडोज डाउन" म्हणजे काचा खाली घेतलेल्या, म्हणजे खिडक्या उघड्या, इथे आपण उलटं समजतो. तिसरीत "आय'ड" पुढे हॅव आणि तिसरं रूप, म्हणजे थांबलो असतो, थांबला नाही. "एन्ट" पुढे "सेड" हे तिसरं रूप, म्हणजे तू एक शब्दही बोलली नाहीस. (बोलली का बोललास हे ओळीत कुठेच नाही, ते मराठीत आणताना आपल्याला ठरवावं लागतं, इंग्लिश गाण्यात ही सोय कवीला फुकट मिळते.) चौथीत "फ्री" म्हणजे मोकळा. आणि "फॉर व्हॉट इट्स वर्थ" म्हणजे "त्याचा काही उपयोग असला-नसला तरी", आपण म्हणतो ना, "आता काय त्याचं", तसं.

म्हणजे झालं असं: तुझं गाव सोडल्यापासून मी सगळ्यांशी तोडत सुटलोय, काचा खाली करून ड्रायव्हरशेजारी बसून, तू एका शब्दानेही अडवलं असतंस तर थांबलो असतो, आता मोकळा आहे, पण काय करायचंय त्या मोकळेपणाचं.

एवढं सगळं झाल्यावर आता कवितेकडे बघा. तो शेजारच्या सीटवर आहे. मग गाडी कोण चालवतंय? नवीन कुणीतरी भेटलंय, का मित्र, का तो स्वतःच्या आयुष्याचं स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देऊन बसलाय? हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि "शॉटगन" म्हणजे बंदूक असं धरून बसला असतात तर तो पडलाच नसता.

बोलतंय कोण आणि कुठल्या सुरात

शब्द कळले तरी गाणं उलटं कळू शकतं. द पोलीस या बँडचं १९८३ चं "एव्हरी ब्रेथ यू टेक" लोक लग्नात लावतात, चाल गोड आहे म्हणून. त्यातला माणूस सोडून गेलेल्या बाईच्या प्रत्येक श्वासावर, पावलावर नजर ठेवणार म्हणतोय, आणि लिहिणाऱ्या स्टिंगनेच ते गाणं पाळत ठेवणाऱ्याचं, मालकी गाजवणाऱ्याचं आहे असं सांगितलंय. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४ चं "बॉर्न इन द यूएसए" धृवपद ऐकून झेंडा फडकवावासा वाटतो, कडवी ऐकली तर व्हिएतनामला पाठवलेला आणि परत आल्यावर नोकरी न मिळालेला माणूस दिसतो. त्याच वर्षीच्या निवडणूक प्रचारात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनचं नाव आशेचा संदेश देणारा म्हणून घेतलं होतं, आता बोला. यावर उपाय सोपा आहे, धृवपद सोडून आधी नुसती कडवी वाचायची, क्रियापदांचे काळ बघायचे, आणि मग धृवपद त्याच माणसाच्या तोंडी घालून बघायचं.

आणि काही ओळी सोडून द्यायच्या

बीटल्सचं १९६७ चं "आय ॲम द वॉलरस" हे गाणं जॉन लेननने बराचसा मुद्दाम गोंधळ घालायला लिहिलं, त्याच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाचं पत्र आलेलं की आमचे सर वर्गात तुमच्या गाण्यांचे अर्थ लावतात, त्यावर हा खूश झाला आणि म्हणाला घ्या आता लावा. यमकासाठी घुसलेले शब्द तर जागोजागी असतात. माझा नियम, सहा पायऱ्या करून अर्धा तास झाला आणि हाताला काही लागलं नाही तर वहीत प्रश्नचिन्ह मांडायचं आणि पुढे जायचं. सहा महिन्यांनी दुसऱ्याच गाण्यात तोच तुकडा भेटतो आणि मागचं आपोआप सुटतं, माझं तीन-चारदा तरी असं झालंय.

कुणाला विचारायचं झालं तर नुसती एक ओळ फेकून "याचा अर्थ काय" असं विचारू नका, आधीच्या आणि नंतरच्या दोन ओळी द्या, तुम्हाला काय वाटलं ते लिहा आणि नेमकं कुठे अडलंय ते सांगा. इंग्लिश ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही विचारा, फक्त फार भरवसा ठेवू नका. मी एकदा अशाच एकाला एका ओळीतल्या "आय'ड" बद्दल विचारलं, हॅड आहे का वुड, तर त्याने ती ओळ दोनदा गुणगुणली, थांबला, आणि म्हणाला, तिथे "आय'ड" आहे? मी वीस वर्षं नुसतं "आय" म्हणतोय.